अंड्यांच्या शेडमधील टायमर व त्यातील सेल

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना रोज सुमारे १६ तास उजेड मिळावयास हवा, ही गोष्ट आता बहुतेक कुक्कुटपालकांच्या अंगवळणी पडली आहे. सूर्यप्रकाशाने जितके तास भरत नाहीत तितके विजेच्या दिव्यांनी भरून काढावयाचे आणि दिवे लावण्या-मालवण्याचे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता टायमरवर सोपवावयाचे, ही पद्धतही रूढ झाली आहे. परंतु टायमरलाही आठवण लागते आणि ती आठवण त्याच्या आत बसविलेल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या एका सेलवर जगते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शेड उभारताना वायरमनने भिंतीवर लावलेला टायमर दहा-दहा वर्षे तसाच चालत राहतो. पुढे केव्हातरी त्यातील सेल संपतो. सेल संपल्याचे यंत्र सांगत नाही. ते कोंबड्या सांगतात. अंडी घटू लागतात. मग खाद्य बदलले जाते, मक्याला बुरशी आली असावी अशी शंका घेतली जाते, पाण्यातून औषध दिले जाते, लसीला दोष दिला जातो. थोडक्या रुपयांचा तो सेल मात्र कोणी उघडून पाहत नाही.

उजेडाचा हिशेब

कोंबडीच्या शरीरात अंडे तयार होण्याची क्रिया दिवसाच्या लांबीशी निगडित आहे. उजेड केवळ डोळ्यांवाटे नव्हे, तर कवटीतूनही आत झिरपून मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रापर्यंत पोचतो. दिवस लांब आहे असे त्या केंद्राला जाणवले म्हणजे त्याच्या प्रेरणेने मेंदूलगतची पीयूष ग्रंथी संप्रेरके सोडते व त्यायोगे अंडाशय कामास लागते. दिवस आखूड होऊ लागला की हीच साखळी ढिली पडते; अंडी कमी होतात आणि कोंबडी पिसे गाळू लागते. थंडीच्या दिवसांत पिल्ले वाढविणे रानातील पक्ष्याला परवडणारे नसते, म्हणून निसर्गाने ही योजना केली आहे. पिंजऱ्यातील कोंबडी कितीही संकरित असली तरी ती योजना विसरलेली नाही.

पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर २१ जूनच्या सुमारास तो सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे १६ तास भरावयाचे तर भर हिवाळ्यात ५ तासांची आणि जूनमध्ये पावणेतीन तासांची भर दिव्यांनी घालावी लागते. रोज बदलणारा हा हिशेब सांभाळण्यापेक्षा पहाटे साडेचार ते साडेसात व सायंकाळी साडेपाच ते साडेआठ अशा दोन पाळ्या कायमच्या ठरवून देणे पुष्कळांना सोयीचे वाटते. त्यात उन्हाळ्यात थोडी वीज अधिक जळते. परंतु पहाटे ४.३० पासून रात्री ८.३० पर्यंतचे १६ तास बाराही महिने अखंड राहतात.

या बाबतीत दोन नियम सांगितले जातात. वाढीच्या वयातील तलंगांचा उजेड वाढू देऊ नये आणि अंड्यावर आलेल्या कोंबड्यांचा उजेड घटू देऊ नये. बिघडलेला टायमर यांपैकी कोणताही नियम मोडू शकतो. तलंगांच्या शेडमध्ये भलत्या वेळी दिवे लागू लागले तर त्या वयाआधीच अंड्यावर येतात, अंडी लहान पडतात आणि अंग बाहेर येण्याचे प्रकार वाढतात. तथापि, नुकसानीचा अधिक नेहमीचा प्रकार अंड्यावरील कोंबड्यांच्या शेडमध्येच घडतो. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

टायमरला वेळ कशी कळते

आकडे दाखविणाऱ्या टायमरच्या आत गारगोटीच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. विजेच्या प्रेरणेने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि असा एकेक ठोका म्हणजे एकेक सेकंद होय. या घड्याळापाशी दुसरी एक गोष्ट साठविलेली असते, ती म्हणजे दिवे केव्हा लावावयाचे व केव्हा मालवावयाचे याचे वेळापत्रक.

मेन लाइनची वीज चालू असेतोवर घड्याळ व वेळापत्रक दोन्ही त्या विजेवर जगतात. सेल स्वस्थ असतो. वीज गेली म्हणजे दिवे व रिले बंद पडतात, परंतु सेल घड्याळाला जागे ठेवतो. वीज परत आली की टायमर जणू काहीच झाले नाही अशा रीतीने काम सुरू करतो. सेल संपलेला असेल तर मात्र वीज जाताच घड्याळ थांबते आणि वीज आल्यावर ते शून्यापासून, म्हणजे मध्यरात्रीपासून, मोजू लागते.

जुन्या घडणीच्या काही टायमरमध्ये वेळापत्रकही सेलच्याच आधाराने टिकते. त्यांत सेल संपला की घड्याळ व वेळापत्रक दोन्ही पुसले जातात आणि दिवे बहुधा लागतच नाहीत. एका अर्थी हा बिघाड बरा, कारण तो त्याच संध्याकाळी ध्यानात येतो. नव्या घडणीच्या टायमरमध्ये वेळापत्रक अशा स्मृतीत कोरलेले असते की तिला विजेची गरजच नसते. सेल फक्त घड्याळासाठी असतो. वरकरणी ही सुधारणाच आहे. परंतु सेल संपल्यावर असा टायमर योग्य वेळापत्रक चुकीच्या घड्याळाप्रमाणे पाळू लागतो, आणि हा बिघाड ओळखावयास फार कठीण असतो.

सेल किती काळ टिकतो? नेहमीच्या सीआर २०३२ या सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास इतका साठा असतो. घड्याळाच्या चिपला सेलवर असताना मिलिअँपिअरच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो. या हिशेबाने सेल कागदावर पन्नास वर्षे चालावयास हवा. तो तसा चालत नाही. सेल नुसता पडून राहिला तरी आतल्या आत थोडा थोडा झिजत असतो. पत्र्याच्या शेडमधील उन्हाळी उष्णतेने ही झीज वाढते. दमट धूळ सर्किटवर साचली म्हणजे तिच्यातून प्रवाह गळतो. जुन्या चिपा मुळातच अधिक प्रवाह ओढतात. हे सारे लक्षात घेऊन साध्या बटन सेलला पाच वर्षांहून अधिक आयुष्य देऊ नये. टायमर आठ-दहा वर्षांचा असून सेल एकदाही बदलला नसेल, तर तो चांगला आहे की नाही हे तपासण्याच्या फंदात न पडता सरळ बदलावा.

मल्टीमीटर लावून सेलचा दाब पाहण्याची पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. नव्या सेलचा दाब ३ व्होल्टच्या थोडा वर दिसतो. या जातीच्या सेलचा दाब आयुष्याच्या बहुतेक काळात जवळजवळ तेवढाच राहतो आणि अखेरीस एकदम घसरतो. त्यामुळे २.८ व्होल्टच्या खालचा सेल बदलावा हे खरे. परंतु ३ व्होल्ट दाखविणारा जुना सेल आणखी वर्षभर चालेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काही टायमरमधील कपॅसिटर वीज गेल्यावरही थोडा वेळ घड्याळाला जगवतो. त्यामुळे पाच-दहा सेकंदांच्या झटक्यांनी संपलेला सेलही उघडा पडत नाही. मृगाच्या तोंडावर वादळ होऊन तारा तुटतात आणि तासन् तास वीज येत नाही, तेव्हाच तो उघडा पडतो.

घड्याळ चुकते तेव्हा काय होते

डिसेंबर महिन्यातील एक शेड उदाहरणादाखल घेऊ या. वेळापत्रक वर सांगितल्याप्रमाणे पहाटे ४.३० ते ७.३० आणि सायंकाळी ५.३० ते ८.३० असे आहे. टायमरचा सेल संपलेला आहे. सकाळी काही दुरुस्तीसाठी वीज बंद केली गेली आणि दुपारी १ वाजता ती परत आली. टायमरचे घड्याळ त्या क्षणी मध्यरात्र समजून चालू झाले. म्हणजे ते १३ तास मागे पडले.

आता टायमरच्या लेखी पहाटेचे ४.३० केव्हा वाजतील? खऱ्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी ५.३० वाजता. त्याच्या लेखी सकाळचे ७.३० होतील ते रात्री ८.३० वाजता. शेतकरी सायंकाळी शेडकडे नजर टाकतो तेव्हा दिवे नेहमीच्या वेळी लागलेले व नेहमीच्या वेळी मालवलेले दिसतात. तो निश्चिंतपणे झोपतो. टायमरची सायंकाळची पाळी मात्र आता सकाळी ६.३० ला सुरू होऊन ९.३० ला संपते. पहाटे ४.३० ते ६.३० हे दोन तास कोंबड्या अंधारात असतात, आणि त्या वेळी शेडमध्ये पाहावयास कोणी नसतो. १६ तासांचा दिवस १४ तासांचा झालेला असतो.

विजेच्या बिलावरूनही हा दोष उमगत नाही. दिवे रोज पूर्वीइतकेच ६ तास जळतात. मीटरला तेवढेच युनिट दिसतात. खूण एकच उरते, आणि ती म्हणजे चांगले ऊन पडले असतानाही साडेनऊपर्यंत जळत राहिलेले दिवे. पण ते पाहून कोणी गड्याला बोलतो, कोणी स्वतःच हाताने स्विच बंद करतो, आणि हातासरशी खूणही पुसली जाते.

अंडी त्याच दिवशी घटत नाहीत. एका अंड्याच्या घडणीस सुमारे २५ तास लागतात आणि त्यामागे अंडाशयात पुढील बलकांची रांग वाढत असते. त्यामुळे उजेड तुटल्याचा परिणाम दिसावयास काही दिवस जातात. तोवर दुपारी एकला आलेली वीज सर्वजण विसरून गेलेले असतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अंडी घटल्याची तक्रार ऐकल्यावर खाद्य, पाणी, लसीकरण व रोगलक्षणे यांची चौकशी करावी, हे योग्यच आहे. पण त्याच भेटीत टायमरवरील वेळ आपल्या मोबाइलवरील वेळेशी ताडून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. गेल्या महिन्यात दीर्घकाळ वीज केव्हा गेली होती आणि पहाटे दिवे लागलेले प्रत्यक्ष कोणी पाहिले आहेत काय, हे दोन प्रश्नही विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा बराच वेळ मिळत नाही.

दोन्ही घड्याळांत एक-दोन मिनिटांचे अंतर असेल तर काळजीचे कारण नाही. स्फटिकाचे घड्याळही महिन्याकाठी मिनिटभर पुढे-मागे होते. अंतर तासांचे असेल तर सेलचा संशय घ्यावा.

घड्याळ चुकल्याला थोडेच दिवस झाले असतील तर ते ताबडतोब दुरुस्त करून १६ तासांचा उजेड पूर्ववत द्यावा. कळप पिसे गाळू लागला असेल तर मात्र उजेड व खाद्य यांची पुढील आखणी पशुधन विकास अधिकाऱ्याच्या सल्ल्याने करणे हितावह ठरते.

सेलची जात ओळखणे

सेल बदलण्यापूर्वी आत कोणत्या जातीचा सेल आहे हे ओळखणे सर्वांत अगत्याचे आहे, कारण येथील चूक केवळ खर्चाची नसून धोक्याची असते.

नाण्यासारख्या चपट्या सेलवर अक्षरे व आकडे कोरलेले असतात. सीआर २०३२ यातील सीआर ही अक्षरे ३ व्होल्टचा, पुन्हा चार्ज न होणारा लिथियम सेल दर्शवितात. पहिले दोन आकडे व्यास सांगतात, २० मिलिमीटर. पुढील दोन जाडी सांगतात, ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ तेवढ्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटर जाडीचा असतो. तो २०३२ च्या जागी कसाबसा बसतो, पण खोबणीत सैल राहून धक्क्याने संपर्क सोडतो. म्हणून असली तडजोड करू नये. एलआर ही अक्षरे असलेले सेल दीड व्होल्टचे असतात आणि ते येथे चालत नाहीत.

एमएल, व्हीएल किंवा एलआयआर या अक्षरांचे सेल दिसावयास हुबेहूब तसेच, पण पुन्हा चार्ज होणारे असतात. असा सेल ज्या टायमरमध्ये आहे त्यात मेनची वीज असताना सेल भरण्याची व्यवस्था केलेली असते. त्या जागी सीआर जातीचा सेल बसविला तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज ढकलली जाते. तो तापतो, फुगतो आणि फुटूही शकतो. उलट, सीआरच्या जागी एलआयआर बसविल्यास त्याला भरणारे कोणी नसते, शिवाय त्याचा दाब ३.६ व्होल्टचा म्हणजे अधिक असतो. सारांश, निघाला त्याच जातीचा व त्याच आकड्याचा सेल बसवावा. दुकानदाराला नुसते ‘टायमरचा सेल’ असे न सांगता जुना सेल नेऊन दाखवावा. तो सुटा न घेता बंद पाकिटातला व तारीख छापलेला घ्यावा.

तिसरा एक प्रकार बऱ्याच जुन्या टायमरमध्ये आढळतो. त्यात दोन-तीन जाड चकत्या एकावर एक रचून प्लास्टिकच्या सालीत गुंडाळलेल्या व सर्किटला डाख देऊन जोडलेल्या असतात. हे निकेल जातीचे, पुन्हा चार्ज होणारे सेल होत. प्रत्येक चकती १.२ व्होल्टची असते, म्हणून तीन चकत्यांच्या जुडीवर ३.६ व्होल्ट असे लिहिलेले असते. यांचा दुर्गुण असा की म्हातारपणी ते पाझरतात. आतील क्षार बाहेर येऊन सर्किटवरील तांब्याच्या रेषा खातो आणि हिरवट-निळसर बुरशीसारखा थर दिसू लागतो. असा थर दिसल्यास सेल बदलून भागत नाही. जागाही स्वच्छ करावी लागते. काही टायमरमध्ये तर सेलच नसतो, मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर असतो. तोही कालांतराने निकामी होतो, आणि तो बदलणे कारागिराचेच काम आहे.

बदलण्याची कृती

हे काम सकाळी दहानंतर हाती घ्यावे. त्या वेळी शेडला दिव्यांची गरज नसते आणि काम लांबले तरी सायंकाळपूर्वी सावरता येते.

प्रथम टायमरमधील संपूर्ण वेळापत्रक कागदावर उतरवून घ्यावे. सेल काढताच ते पुसले जाईल असे गृहीत धरूनच चालावे. पाळी क्रमांक, लागण्याची वेळ, मालवण्याची वेळ व वार, सर्व लिहावे. टायमर बसविणारा मनुष्य आता गावात असेलच असे नाही आणि यंत्राबरोबर आलेली पुस्तिका तर बहुधा हरवलेलीच असते; म्हणून बटणे दाबून एकेक पाळी पडद्यावर आणून ती उतरविण्यास लागणारा पाव तास वाया गेला असे समजू नये.

नंतर वीज तोडावी. येथे विशेष सावधगिरी हवी. स्वस्त टायमरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. आतील सर्व सर्किट, सेलच्या पत्र्यासकट, २३० व्होल्टच्या लाइनशी थेट जोडलेले असते. तीन व्होल्टचा सेल काय करणार, असे समजून चालू विजेवर त्याला बोट लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. शेडला जनरेटर किंवा इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करताच तो आपोआप चालू होण्याचा संभव असतो. म्हणून तोही अलग करावा. टेस्टरने खात्री करून घ्यावी, तारांवर खुणा कराव्यात, टायमर पट्टीवरून सोडवून टेबलावर आणावा, आणि आतील कपॅसिटर निवावेत म्हणून पाच मिनिटे थांबावे. ज्यांना तारांच्या कामाचा सराव नाही त्यांनी टायमर सोडविणे व परत जोडणे ही दोन कामे वायरमनकडूनच करवून घ्यावीत.

झाकण उघडल्यावर सेलची कोणती बाजू वर आहे हे पाहून ठेवावे. सपाट व अक्षरे कोरलेली बाजू धन असते. सेल बांबूच्या काडीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटावा. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्यास सेलचे शॉर्टसर्किट होते आणि नवा सेल बसण्यापूर्वीच अशक्त होतो. खोबणीतील पितळी पाती स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसावी, आणि दबली असल्यास हलकेच वर उचलावी. कोंबड्यांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया ही पाती लवकर काळवंडवितो. पुष्कळदा सेल चांगला असूनही या काळ्या थरामुळेच तो मेल्यासारखा वाटतो. नवा सेल कोरड्या फडक्याने पुसून, त्याच बाजूने बसवावा.

डाख दिलेला सेल असल्यास घरच्या घरी प्रयोग करू नये. सेलच्या अंगावर थेट डाख देणे हे अत्यंत वाईट. उष्णतेने तो आतून नासतो, प्रसंगी फुटतो. बाजारात पत्र्याच्या पट्ट्या जोडलेले सेल मिळतात, व त्या पट्ट्यांना डाख द्यावयाचा असतो. तालुक्याच्या गावी टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर हे काम थोड्या वेळात करतो. निकेल सेल पाझरला असल्यास त्याच्याकडून जागा प्रथम व्हिनेगरने व मग स्पिरिटने धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावी. हा जातीचा नवा सेल दुकानात बहुधा रिकामाच पडलेला असतो. बसविल्यानंतर टायमर एक-दोन दिवस अखंड विजेवर ठेवल्याखेरीज त्याची परीक्षा घेऊ नये.

टायमर पुन्हा जोडल्यावर घड्याळ, वार व वेळापत्रक भरावे. घड्याळ २४ तासांचे ठेवणे चांगले. बारा तासांच्या घड्याळात सकाळ व संध्याकाळ यांची अदलाबदल होऊन सारे श्रम फुकट गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. भरून झाल्यावर टायमर ‘ऑटो’ या खुणेवर आणून सोडावा. तो हाती चालविण्याच्या खुणेवर राहिला तर दिवे रात्रभर जळतील किंवा लागणारच नाहीत. शेवटी मेन स्विच तासभर बंद ठेवून पुन्हा चालू करावा आणि घड्याळ मोबाइलशी ताडावे. वीज बंद असताना पडदा कोरा झाला तरी बिघडत नाही, कारण काही टायमर पडदा मिटवूनही वेळ मोजत राहतात. वीज आल्यावर वेळ बरोबर असली म्हणजे सेल काम करीत आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३० वाजता कोणीतरी प्रत्यक्ष उठून दिवे लागल्याचे पाहावे.

त्या दिवशी सेल मिळालाच नाही तर सायंकाळी व पहाटे दिवे हाताने लावावेत. तात्पुरती सोय म्हणून चक्राचा साधा टायमर आणतात; पण तो विजेच्या मोटारीवर फिरणारा असेल तर वीज जितका वेळ जाईल तितका तो मागे पडतो, हे विसरू नये.

टायमरची जागा

टायमर कोंबड्यांच्या शेडमध्ये न लावता खाद्याच्या खोलीत किंवा बाहेर पण सावलीत, झाकणाच्या पेटीत लावावा. पत्र्याखालची उष्णता व अमोनिया यांपासून तो दूर राहिला तर सेलही अधिक टिकतो आणि रिलेचे संपर्कही. पेटीच्या दाराच्या आतील बाजूस वेळापत्रकाचा कागद डकवावा व त्यावर सेलची जात आणि बसविल्याची तारीख लिहावी. अंड्यांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवून तीत आठवड्यातून एकदा टायमरची वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी लिहिली, तर घड्याळ चुकल्याचे अंडी घटण्याआधी समजते. सेल बदलण्यास एप्रिल-मे हा काळ सोयीचा, कारण वादळी पाऊस व लांबलेली वीजबंदी यांच्या आधी ते काम उरकते.

हाच सेल अन्य ठिकाणीही असतो. पॉलिहाउसमधील शेवंतीला अकाली कळ्या येऊ नयेत म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून लांब रात्र मोडतात. तेथे घड्याळ चुकून दिवे भरदुपारी जळू लागले तर रोपांना रात्र अखंड मिळते आणि देठ आखूड असतानाच कळ्या धरतात. लांब दांड्याच्या फुलांचा भाव मग मिळत नाही. ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरील दिव्यांना सूर्योदय-सूर्यास्त स्वतः मोजणारे टायमर असतात. त्यांत तारीख पुसली गेली की ते जूनमध्ये जानेवारीचा सूर्यास्त धरून तासभर आधी दिवे लावतात. घरातील अंगणाचे दिवे, पाण्याची मोटर, ठिबक सिंचनाचे नियंत्रक आणि शहरातील बंगल्यांत सर्व खोल्यांचे दिवे एका पेटीतून चालविणाऱ्या जुन्या व्यवस्था, या सर्वांत कमी-अधिक फरकाने हीच रचना आढळते, आणि वेळापत्रक आधी लिहून घेण्याचा नियम तेथेही लागू पडतो.

जुना सेल

काढलेला सेल खिडकीत किंवा टेबलावर ठेवून देण्याची सवय घातक आहे. घड्याळ चालविण्यास निकामी झालेल्या सेलमध्येही लहान मुलास इजा करण्याइतकी शक्ती शिल्लक असते. मुलाने तो गिळला व तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्याच्या संपर्काने तेथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत खोल जखम होऊ शकते. असे घडल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता, उलटी करविण्याचा प्रयत्न न करता, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे आणि सेल गिळल्याचा संशय डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावा. वर्षाहून मोठ्या मुलास वाटेत थोडा थोडा मध चाटविल्याने दाह काहीसा कमी होतो. परंतु मध शोधण्यासाठी निघण्यास उशीर करू नये.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, म्हणजे डब्यात इतर सेलना टेकून तो तापणार नाही. तो चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. उकिरड्याचे खत पुढे शेतातच जाते. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवून संकलन केंद्राकडे किंवा परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावयाचे असतात. असे केंद्र जवळ नसेल तर गावातील सर्वांचे सेल मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी एका झाकणाच्या डब्यात साठवावेत आणि तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाणाऱ्याबरोबर एकदम पाठवावेत.